परस्पर दुरुस्त केलेली ड्रॉइंगं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. घरून काम बरं की ऑफिसातून, असा विषय निघाला की मी पेपर उघडून बसतो. आता पंच्याहत्तरी आली. निदान लिहून ठेवतो.

अंधेरीच्या एका लहान ऑफिसात मी इमारतींची ड्रॉइंगं तपासायचो. कुठल्या स्लॅबमध्ये किती सळई घालायची, हे नवीन इंजिनियर काढायचे आणि साइटवर जाण्याआधी त्यावर माझी सही लागायची. माझ्या टेबलाशेजारी एक लाकडी स्टूल असे. ज्याचं ड्रॉइंग, त्याने त्यावर बसायचं. मी लाल पेन्सिलीने चूक दाखवायची, त्याने ती माझ्यासमोर सुधारायची. मुलं स्टुलाला आरोपीचा पिंजरा म्हणत. पण तिथे बसून गेलेला कुणी कच्चा राहिला नाही, याचा मला ताठा होता.

लॉकडाऊनच्या महिनाभर आधी एक मुलगी तात्पुरत्या नेमणुकीवर रुजू झाली. मुलुंडला राहायची. वडील नव्हते, आई अंथरुणाला खिळलेली. ती स्टुलावर जेमतेम तीनदा बसली असेल, तोच सगळ्यांचं काम घरून सुरू झालं.

तिची एक चूक ठरलेली. गॅलरी बाहेर लटकते, तिला मागून धरून ठेवते ती वरची सळई. ती आतल्या स्लॅबमध्ये चांगली लांब न्यावी लागते. हिची दरवेळी तोकडी. शेजारी असती तर पाच मिनिटांत समजावलं असतं. पण व्हिडिओ कॉल लावून स्क्रीन दाखवणं मला जमत नव्हतं आणि सुनेला विचारायला कमीपणा वाटायचा. मग मी सळई स्वतःच लांब करायचो, सही करायचो आणि ड्रॉइंग परस्पर साइटवर पाठवून द्यायचो. असं दीड वर्ष चाललं. अधूनमधून तिचा मेसेज यायचा, सर, काही चुकत असेल तर सांगा, फोन करू का? सगळं ठीक आहे, एवढं लिहून मी अंगठ्याचं चित्र पाठवायचो.

ऑफिस पुन्हा उघडलं. आईमुळे मला घरूनच करू द्या, असा तिने अर्ज केला. मालक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला काका म्हणायचे. त्यांनी माझं मत विचारलं. मला माझी भरलेली टेबलं परत हवी होती.

"घरी बसून कुणी शिकत नाही," मी म्हणालो. "हिचंच बघा ना. दीड वर्षं झाली, तीच चूक."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. तिला कायम केलं नाही.

लॅपटॉप परत द्यायला ती आली, तेव्हा सरळ माझ्याकडे येऊन स्टुलावर बसली.

"सर, साहेब म्हणाले ती कुठली चूक? मला एकदा तरी सांगायचं ना."

आसपासच्या माना वर झाल्या. चूक दाखवायची तर ती इतके दिवस का दाखवली नाही, हेही सांगावं लागणार होतं.

"आता सांगून काय उपयोग, बाळ," म्हणालो आणि तिच्यासाठी चहा मागवला. तो यायच्या आत ती उठून गेली.

तिला दुसरीकडे नोकरी लागली, पण आठ महिन्यांनी. ते आठ महिने त्या घरात कसे गेले, हे मी कधी विचारलं नाही. गुरुपौर्णिमेला मात्र न चुकता तिचा फोन येतो. मागच्या वर्षी म्हणाली, "मीच मंद होते सर. तुम्ही सांभाळून घेत होतात."

मी तिच्या आईची चौकशी केली आणि सुखी राहा म्हणून फोन ठेवला.

या वर्षी बोलायचं ते कागदावर लिहून फोनजवळ ठेवलं होतं. फोन आला, तिने नमस्कार सांगितला. मी चष्मा लावला, कागद हातात धरला आणि मुलुंडला पाऊस आहे का, असं विचारलं. कागदावर एवढंच होतं: तू मंद नव्हतीस. चूक मी तुला कधी दाखवलीच नाही. मला माफ कर.