अनोळखी इसम

तो रेडिओ स्कॅनर माझा नव्हता. वणीकडच्या एका कोळशाच्या ट्रकवाल्याने तो माझ्याकडे दुरुस्तीला टाकला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. यवतमाळच्या बसस्टँडजवळ माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे तेव्हा उरलं होतं म्हणायचं. मोबाइल आल्यापासून गिऱ्हाईक सोडा, माशीही फिरकत नव्हती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी त्या मुठीत मावणाऱ्या यंत्राच्या मागे लागलो. बटणं दाबून एकेक फ्रिक्वेन्सी भरायची, ती साठवायची, मग स्कॅन दाबलं की आकडे पळत सुटतात आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतात. असं करता करता एक दिवस आकडे थांबले आणि पोलिसांचा वायरलेस बोलू लागला. ते ऐकणं कायद्यात बसत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून आवाज बारीक ठेवायचो.

काय ऐकलं म्हणाल, तर मरणं ऐकली. कपाशीवर बोंडअळी पडली होती, लोक एका औषधात दुसरं मिसळून फवारत होते, आणि वायरलेसवर रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव यायचं, पुढे ‘विषबाधा’. वाचणारा शिपाई एसटीच्या गाड्या पुकाराव्यात तसा वाचायचा. मला त्याचा संताप यायचा. मग वाटायचं, रोज रोज त्याने तरी गळा कुठून काढायचा.

बायको म्हणायची, “कायले ऐकता थे? घरात कोनी मेलं नाही अन् रोजचं सुतक.”

तिचं खरं होतं, पण माझ्याच्याने ते बंद करवत नव्हतं. आपल्या माणसाचं काही आलं आणि नेमकं तेच चुकलं तर, ही धास्ती होती. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा कळंबकडे लोकांच्या शेतात रोजीने फवारणीला जायचा. बहीण शहरातच राहायची, घरी मशीनवर कपडे शिवायची.

पोळा होऊन गेला होता. एका सकाळी मी शटर वर केलं तर ती पायरीवर बसलेली.

“दादा, हे काल सकाळी गेलते फवारनीले, आलेच नाहीत.”

मोबाइल घामाने खराब होतो म्हणून तिचा नवरा तो घरीच ठेवून जायचा. शेतमालकाचा फोन लागत नव्हता. मी म्हटलं, “चाल, आधी सरकारी दवाखान्यात पाहून येऊ.”

तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. “नाही दादा. दवाखान्यात पाहाले गेलं का मानूस तथीच सापडते. तुह्या डब्ब्यात आलं त जाऊ.”

आमच्याकडे ही समजूत पक्की होती. बोलावणं आल्याशिवाय दवाखान्यात माणूस शोधायला जायचं नाही, गेलं तर आपणच अवदसा ओढवून घेतली. एरवी मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस. त्या दिवशी हसू आलं नाही आणि पायही उचलेना. खोटं कशाला सांगू, डब्ब्याने सांगितलं तरच जायचं हे मलाही सोपं वाटलं.

स्कॅनर काउंटरवर उभा केला, एरियल पूर्ण ओढली, बाकी सगळे चॅनेल बंद करून फक्त पोलिसांचा ठेवला. बहिणीने मला शर्ट सांगितला. पांढऱ्यावर तपकिरी चौकडा, तिनेच शिवलेला. खिशाची चौकट अंगाच्या चौकटीशी अशी जुळवली होती की खिसा दिसूच नये. “हजार मान्सात वळखू येईन,” ती म्हणाली. असं म्हणताना तिला थोडा धीर आला. मग आम्ही ऐकत बसलो. कुठे मोटारसायकलचा अपघात, कुठे बंदोबस्ताची गाडी, मध्येच नुसती खरखर. प्रत्येक खरखरीला ती माझ्या तोंडाकडे बघायची.

दुपारी तो आवाज आला. अनोळखी इसम, वय अंदाजे चाळीस, रंग सावळा, हायवेच्या कडेला बेशुद्ध सापडला, सरकारी दवाखान्यात दाखल. अंगात निळा फुल बाह्यांचा शर्ट, खिशावर कारखान्याचा छाप. ओळख पटविण्याबाबत सर्व ठाण्यांना कळविण्यात येते.

“निळा,” बहीण म्हणाली.

“लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला कोनी कामगार असन,” मी म्हणालो.

“आपला नोय.” तिने पदराने तोंड पुसलं. “बिच्चारा, कोन्या माउलीचा आहे कोन जाने.” मी समोरच्या टपरीवरून दोन कट चहा मागवला. सकाळपासून ती पाणीसुद्धा प्यायली नव्हती, तो चहा प्यायली. मला बरं वाटलं. त्या चहाची चव मला आजही नको असते.

दिवस कलताना एक माणूस मोटारसायकलवरून पत्ता विचारत आला. तो शेतमालक होता. बहिणीच्या शेजाऱ्यांनी त्याला दुकानाकडे पाठवलं होतं. त्याच्या हातात पिशवी, पिशवीत चौकड्याचा शर्ट.

“तुमचे जवाई हा शर्ट निंबाच्या झाडालेच इसरून गेले. चक्कर येते म्हनून घाईत निघाले काल. तब्येत कशी हाये आता?”

फवारणीचे कपडे शेतावरच राहतात, घरी कोणी नेत नाही. मालकाच्या पोराचा कारखान्यातला जुना निळा शर्ट तिथे लटकलेला असायचा, तोच फवारणीला घालायचे, हे मालकाकडून तेव्हाच कळलं. फवारणारा काम झालं की हातपाय धुऊन आपले कपडे घालतो, मगच घराची वाट धरतो. कपडे बदलायची ही रीत आम्हा दोघांनाही चांगली माहीत होती. पण कपडे बदलायचंही त्राण उरलेलं नसेल, हे आमच्या डोक्यात आलं नाही. बहिणीने तो शर्ट उलटा करून शिवण पाहिली आणि रस्त्यावर धावत सुटली.

वॉर्डात त्या अनोळखी इसमाची खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली. आयाबाई हळूच म्हणाली, “आत्ताच गेले, बाई. दुपारी थोडी शुद्ध आलती. नाव इचारलं त बोलता ये नाही, नुसते दरवाज्याकडं पाहून राह्यलते.”

बहीण रडली नाही. दरवाज्यात उभी राहून ती खाटेकडे बघत होती. दवाखान्याच्या चौकीतला पोलीस आला, त्याने नाव, गाव, नातं विचारलं. मग कमरेचा वायरलेस काढला आणि आमच्यासमोरच त्यावर सांगितलं की अनोळखी इसमाची ओळख पटलेली आहे, दुपारचा संदेश रद्द समजावा.

बहिणीने माझी बाही धरली. “रद्द म्हंजे काय, दादा? आता त्याइले कोनी पुकारनार नाही?”

“नाही,” मी म्हणालो.