रोलंड टनर्ड चुकत नाही, पाखरू हलतं

"मी चुकत नाही, पाखरू हलतं."

हे वाक्य रोलंड टनर्ड जिथे तिथे म्हणे. 'तीन वामी' पबात म्हणे, चर्चच्या फाटकापाशी म्हणे, आणि स्नीथच्या शेतात दुनळीच्या दोन्ही नळ्या मोकळ्या आभाळात रिकाम्या करून झाल्या की हमखास म्हणे. पाखरू तोवर पॉप्लरच्या शेंड्यावर जाऊन पंख नीट करत बसलेलं असे. पाखरानं हलू नये, बंदूक दिसली की सभ्यपणे एका जागी थांबावं, अशी त्याची अपेक्षा होती. पाखरांनी ती कधी पुरी केली नाही, आणि याचा त्याला मनापासून राग होता.

आमचा मुलूख सपाट. समुद्राला मागे ढकलून काढलेली काळी जमीन, तिच्यातून दोरी लावल्यासारखे सरळ गेलेले पाण्याचे चर, आणि बाकी सगळं आभाळ. इथे कोणी कुठेही उभा राहिला तरी अर्ध्या मैलावरून दिसतो, म्हणून इथल्या माणसाला लपायची हौस नसते. रोलंडला होती. त्याच्याकडे पानाफांद्यांच्या छापाचा कोट होता. तशीच विजार, तशीच टोपी, आणि तोंडावर ओढायची जाळी. छाप ओकच्या दाट रानाचा. आमच्याकडे मैलोन्मैल ओक नाही. बीटच्या उघड्या रानातून तो निघाला की एखादं झुडूप वाट चुकून भलत्या गावात आल्यासारखं दिसे.

मी चर उपसणारा. माझा जन्म पाण्याच्या पातळीला डोळे ठेवून गेला, त्यामुळे काठावरून जाणाऱ्याचे मला आधी बूट दिसतात, माणूस मागाहून. बुटांवरून माणूस कळतो असं मी म्हणत नाही, पण रोलंडचे बूट नेहमी स्वच्छ असत.

त्याचं आयुष्य साखरेच्या कारखान्यात वजनकाट्यावर गेलं. बीटचे ट्रक यायचे, तो काचेच्या खोलीतून हात वर करायचा, ट्रक थांबायचे. आत त्याचा चहा संपेपर्यंत बाहेर रांग लागायची. माणसांना थांबवून ठेवण्यात त्यानं जन्म काढला, आणि निवृत्त झाल्यावर थांबवायला कोणी उरलं नाही तेव्हा त्यानं बंदूक घेतली. काडतुसाच्या दोन दुनळ्या घेतल्या. त्यांचा पोलिसांचा परवाना खिशातल्या पाकिटात, आणि पाकीट पबाच्या टेबलावर, उघडं. त्यात बायकोचा फोटो नव्हता. परवाना होता. त्यावरच्या स्वतःच्या फोटोकडे तो प्रेमानं बघे.

हवेच्या बंदुकीचा मात्र त्याला तिटकारा. ती पोराटोरांची, म्हणे. तिला परवाना लागत नाही, आणि ज्या बंदुकीला परवाना लागत नाही ती पुरुषानं हातात धरू नये. वर स्कॉटलंडात तिलाही परवाना लागतो, हे कळल्यापासून तो स्कॉटलंडातल्या लोकांविषयी आदरानं बोलू लागला.

तशी एक हवेची बंदूक त्याच्याच घरात होती. त्याची बायको ईनिड हिच्या वडिलांची. म्हातारा गावोगाव चिचुंद्र्या धरत फिरायचा, मरताना लेकीला ही बंदूक ठेवून गेला. नळी मोडून आत एक छर्रा घालायचा, पुन्हा सरळ करायची, झालं. दस्त्यावरचं लाकूड म्हाताऱ्याच्या गालानं गुळगुळीत झालेलं. रोलंडनं ती आपल्या दुनळ्यांशेजारी स्वयंपाकघरातल्या पोलादी कपाटात कोंडली. तिला कपाटाची गरज नव्हती, पण घरातलं प्रत्येक हत्यार आपल्या कुलपाखाली असावं, यात त्याला रुबाब वाटे.

आता त्या कपाटाचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दुनळीच्या कपाटाची किल्ली फक्त परवानेवाल्याच्या हाती असावी. ती कुठे आहे हे घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक असता कामा नये. रोलंड हा नियम पबात तरण्या पोरांना शिकवत असे. "बायकोलाही नाही," तो म्हणे, आणि मग आवाज खाली आणून, "बायकोला तर मुळीच नाही."

पण ईनिडच्या कोंबड्या होत्या, आणि कोंबड्यांच्या दाण्यावर उंदीर येत. उंदीर दिवेलागणीला येतात आणि दिवेलागणीला रोलंड पबात असे. तेव्हा किल्ली घरी ठेवणं भाग होतं. ती त्यानं स्वतःच्या हातानं, ईनिडच्या समोर, जवाच्या डब्यात घातली आणि म्हणाला, मी इथे ठेवतोय, तू बघू नकोस. पुढे वर्षानुवर्षं ईनिड रोज संध्याकाळी न बघता जवात हात घालत राहिली.

ती स्वयंपाकघराची खिडकी वर करायची, चौकटीवर कोपर टेकायची आणि वाट बघायची. खुराड्यामागे रेल्वेचे जुने स्लीपर रचलेले होते, म्हणजे छर्रा चुकलाच तर लाकडात रुतावा. स्लीपर मी जवळून पाहिलेत. त्यांत रुतलेलं काहीच नव्हतं. मारलेल्या उंदरांच्या शेपट्या ती शेडच्या खिळ्याला टांगायची, बापाची सवय. आणि तिथून त्या रोलंडच्या तंबाखूच्या डबीत जात आणि डबीतून पबाच्या टेबलावर.

"काल संध्याकाळचे," तो डबी उघडून म्हणायचा. "एका दमात."

काल संध्याकाळी तो त्याच बाकावर आमच्यासमोर बसलेला असे. तरी कोणी बोलत नसे. उघड्या खोट्यापुढे माना डोलावणं हा आमच्या गावाचा जुना गुण आहे, आणि पुढच्या गिलासाचे पैसे रोलंड देणार असला की तो आणखी फुलतो.

एक स्नीथ मात्र मान डोलवत नसे. फ्रँक स्नीथची शेती मोठी. हिवाळ्यात त्याच्या तेलबियांच्या कोवळ्या पानांवर रानकबुतरं ढगासारखी उतरत. रोलंडचं सगळं मोठेपण त्या रानात शिरायला मिळणाऱ्या मुभेवर उभं होतं. मागे एकदा स्नीथच्या गव्हाच्या कोठारात कबुतरं शिरली होती, तुळयांवर बसून धान्यावर घाण करत होती. स्नीथ म्हणाला, हवेची बंदूक आण, छपराला धक्का नको. रोलंडला तो अपमान वाटला. तो दुनळी घेऊन आत गेला. पाखरं हलली. छपराची चाळण झाली. आधी कबुतरं नुसती दारातून येत, त्यानंतर छपरातूनही येऊ लागली.

स्नीथनं त्याला हाकललं नाही, त्याचं कारण स्नीथनंच मला सांगितलं. म्हणाला, "याच्या आवाजानं चार पाखरं उठतात तरी. परवाना आहे तोवर येऊ दे. परवाना गेला की मात्र माझ्या बांधावर पाय ठेवायचा नाही."

आणि त्या हिवाळ्यात परवान्याची मुदत संपत आली.

मुदत संपण्याआधी पोलिसांकडून तपासनीस घरी येतो. कपाट बघतो, चार प्रश्न विचारतो, मग परवाना नवा होतो. रोलंडनं मला बोलावून घेतलं. कशाला, तर साहेबापुढे गावातलं कोणीतरी असावं. मी चरातून तसाच गेलो. ईनिडनं मला मोज्यांवर आत घेतलं आणि स्टोव्हजवळची खुर्ची दिली. रोलंड जंगलाच्या छापाच्या कोटात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, पाय फाकून उभा होता.

तपासनीस गॅदरकोल नावाचे. सर्दीनं नाक लाल झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी कपाट ठोकून पाहिलं, दुनळ्यांचे नंबर ताडले, रोलंडला कुलूप लावायला सांगितलं आणि टेबलाशी बसले. किल्ली बाहेर कुठेतरी लपवली असं सगळ्यांना वाटावं म्हणून रोलंड क्षणभर बाहेर जाऊन आला, आणि मग फळीवरच्या जवाच्या डब्यात ती टाकताना आवाज झाकायला खोकला. गॅदरकोल तेव्हा मनुकांच्या पावाला लोणी लावत होते. त्यांना दिसलं नाही, किंवा ते तसं वागले.

"किल्ली कुठे ठेवता ते मला सांगू नका," ते म्हणाले. "तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे, एवढंच सांगा."

"देवालाही नाही, साहेब."

"बरं. आणि बंदुका वापरता कशासाठी?"

इथे रोलंड खुलला. स्नीथची कबुतरं सांगितली, कावळे सांगितले. मग हात पसरून उंदरांवर आला. उंदीर मारायला कसा धीर लागतो, श्वास कसा धरावा लागतो, एका संध्याकाळी आपण किती लोळवतो. ईनिड चहा ओतत होती. तिचा चेहरा मी पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. गावात अजून वाद आहे की तिनं पुढचं मुद्दाम केलं का. मी तिथे होतो. सवयीनं जसं दार लावतात तसं तिनं ते केलं, मुद्दाम काही नव्हतं. पण तिच्या जागी मी असतो तर मुद्दाम केलं असतं.

बाहेर उजेड करडा झाला होता. खुराड्यात एक कोंबडी चमकून ओरडली. रोलंडचं भाषण चालू होतं, श्वास कसा धरावा यावर पुन्हा आला होता. ईनिडनं किटली खाली ठेवली. जवाच्या डब्यात हात घातला, किल्ली काढली, जव झटकले. कपाट उघडलं, वडिलांची बंदूक घेतली, कुलूप लावलं. खिडकी वर केली. गार वारा आत आला आणि गॅदरकोल शिंकणार होते ते थांबले. नळी मोडली, छर्रा घातला, कोपर टेकलं. टाळी वाजावी एवढाच आवाज झाला.

तिनं खिडकी खाली घेतली. कपाट उघडलं, बंदूक ठेवली, कुलूप लावलं, किल्ली जवात टाकली.

"रोलंड," ती म्हणाली, "शेपटी आत्ताच काढून ठेवू का? तुला पबात लागेल ना."

रोलंडचे पसरलेले हात तसेच हवेत होते, न मारलेल्या उंदरांएवढं अंतर मधे धरून.

गॅदरकोलांनी पाव बशीत ठेवला. बोटं पुसली.

"नेम चांगला आहे तुमचा, मिसेस टनर्ड."

"वडिलांचा आहे," ती म्हणाली. "चहा गार होतोय तुमचा."

"ती आज पहिल्यांदाच..." रोलंड म्हणाला. मग म्हणाला, "साहेब, ती माझी बायको आहे."

"होय ना. नियम तिच्यासाठीच केलाय. चोरापासून वाचवायला कुलूप पुरतं." त्यांनी चहा संपवला, अगदी सावकाश, रोलंड वजनकाट्यावर संपवायचा तसा. मग उठले. "वडिलांची बंदूक इथेच राहू द्या, तिला माझी गरज नाही. या दोन माझ्याबरोबर येतील. पुढचं वरून कळवतील."

दारात थांबून त्यांनी ईनिडला सांगितलं की तिला हवा असेल तर दुनळीचा परवाना तिच्या नावानंही मागता येतो. ती म्हणाली, कशाला, उंदरांना ही पुरते.

गाडी गेली. रोलंड खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर स्लीपरांपाशी उंदीर पडला होता, हलत नव्हता. मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी खरं बोलणार. तो म्हणाला, "एवढ्या जवळून कोणीही मारेल."

मी माझे बूट चढवले.

परवाना मिळाला नाही. पबात त्यानं सांगितलं की सरकार आता खऱ्या शिकाऱ्यांच्या मागे लागलंय. माना डोलल्या. पण गिलास आता जो तो आपला आपण घेऊ लागला, आणि तंबाखूच्या डबीविषयी कोणीतरी विचारलं तेव्हा बाकाच्या टोकाला कोणाला तरी खोकल्याची उबळ आली. स्नीथला कळायला दुसरा दिवस लागला नाही. तो रोलंडच्या फाटकाशी आला, आत आला नाही, म्हणाला, "टनर्ड, परवाना गेला, आता बांधाच्या अलीकडेच राहायचं." आणि मग ईनिडला विचारलं, कोठारातल्या कबुतरांकडे कधी बघशील का, छपरात आता सांभाळायचं असं फारसं उरलेलं नाही. ईनिड म्हणाली, मंगळवारी अंडी घेऊन येते तेव्हा बघेन.

त्या मंगळवारी सकाळी मी स्नीथच्या बांधालगतच्या चरात होतो. धुकं वर उचललं होतं आणि पाण्यावर आभाळाचा पातळ पत्रा पसरला होता. काठावरून बूट आले. स्वच्छ. वर पाहिलं तर रोलंड, कोट, विजार, टोपी, तोंडावर जाळी, सगळं. खांद्याला दुनळीचं कातडी म्यान, रिकामं, चालताना पाठीवर लोंबकळत होतं. एका हातात पोतं, त्यात त्याची प्लास्टिकची फसवी कबुतरं, खऱ्यांना भुलवून खाली उतरवायची. त्यांतल्या निम्म्यांना त्याच्याच छर्र्यांनी भोकं पडलेली.

"कुठे निघालास, गड्या?" मी विचारलं.

"पाहणीला," तो म्हणाला. जाळीआडून.

सरकारी चराचा काठ सगळ्यांचा, तिथे स्नीथ अडवू शकत नव्हता. रोलंड काठानं सरळ चालत गेला. डाव्या हाताला स्नीथचं रान हिरवंगार होतं आणि त्यावर कबुतरं बसली होती, निळी-करडी, दाटीवाटीनं, पानं खुडत. कोठाराच्या दारात ईनिड बापाची बंदूक बगलेत धरून उभी होती. तिनं त्याला जाताना पाहिलं, मी चरातून पाहिलं, आणि कबुतरांनी माना वर करून पाहिलं.

एकही हललं नाही.