उजवा दरवाजा

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, वर्कशॉपमधल्या माणसांना तर नाहीच. सांगायची संधी मिळाली नाही असं नव्हे. जिला सांगायला हवं होतं तिने समोर उभं राहून सरळ विचारलं होतं.

आधी माझ्याबद्दल. कसालला हायवेच्या कडेला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रील, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड, ट्रॉलरवरच्या बर्फाच्या पेट्या — जे काम येईल ते. वडिलांनी सुरू केलं, भावाला बँकेत नोकरी लागली, मी राहिले. नवरा शाळेत शिकवतो आणि माशाचं तिखलं माझ्यापेक्षा चांगलं करतो. माझं बरं चाललंय. झोपही चांगली लागते. हे मुद्दाम लिहिते, कारण असलं काही सांगणाऱ्या माणसाने आधी बरीच वर्षं तळमळलेलं असावं असं आपल्याला वाटतं. मी नाही तळमळले. मग आता का सांगते? — दोन-तीन कारणं शोधून पाहिली, एकही पटलं नाही. तेव्हा नुसतंच सांगते.

प्रकाश मालवणजवळच्या गावातला. त्याच्या वडिलांचा ट्रक होता, पुढे लांब नाक असलेला, जुन्या बांधणीचा. आयुष्यभर त्यांनी त्यातून चिरे ओढले. त्या बाजूला जांभ्याचं घर दिसलं की त्याचे चिरे याच ट्रकने आणले असतील असं खुशाल धरावं. वडील गेले, ट्रक फणसाखाली उभा राहिला, वरची ताडपत्री फाटली, आणि बऱ्याच वर्षांनी प्रकाशला तो पुन्हा रस्त्यावर आणायची हौस आली. दोन गॅरेजवाल्यांनी हात जोडले होते. मी हो म्हटलं. हे लक्षात ठेवा — पुरुष नको म्हणतात ते काम मी घेते, अशी माझी ख्याती होती, आणि ती मला आवडत होती.

ट्रक क्रेनने माझ्या अंगणात उतरला त्या दिवशी प्रकाशबरोबर त्याची आईही आली. काकी म्हणू या. ठेंगणी, काटक बाई. माझ्या कपाळावर वेल्डिंगचा चष्मा चढवलेला पाहून हसली.

"तू हय, मगे तुझो घोव रांधता काय?"

"रांधता. माझ्यापेक्षा बरा रांधता."

"नशीबवान गो बाय तू!" मग ट्रकच्या उजव्या दरवाज्यापाशी गेली. ड्रायव्हरचा दरवाजा. खिडकीच्या खालच्या कडेवर, जिथे गाडी चालवताना कोपर टेकतो, तिथे रंग पार उडून पत्रा काळाभोर, गुळगुळीत झाला होता आणि किंचित आत दबला होता. काकीने टाचा उंचावून तिथे हात ठेवला. रोज पहाटे ती याच खिडकीतून नवऱ्याच्या हातात जेवणाचा डबा द्यायची.

"बाकीचा सगळा सोन्याचा केलंस तरी चलात," ती म्हणाली, "पण ह्येंचो दरवाजो तसोच ठेव. रंग नको, काय नको. हय हात लावू नको."

"आये, तिका काम कळता," प्रकाश म्हणाला.

"कळता म्हणानच सांगतंय."

मी शब्द दिला.

आता गंजाबद्दल थोडं सांगावं लागेल. खाऱ्या वाऱ्याचा गंज वरून दिसतो त्याच्या चौपट आत असतो. ठोकून पाहिल्याशिवाय कळत नाही. हातोडी धड वाजली तर पत्रा जिवंत, भद्द वाजली तर गेला. ट्रकचं बहुतेक सगळं भद्द वाजलं. केबिनचा तळ, पायऱ्या, मडगार्ड मी नवीन केले. जुना पत्रा कापायचा, त्याच मापाचा नवा बसवायचा, आणि जोड असा घासायचा की बोटालाही लागू नये. माझ्या कामात जोड दिसत नाही, असं लोक म्हणतात. मीही म्हणते.

जे वाचवायचं असेल त्याला ग्राइंडर लावत नाही. त्यासाठी मागच्या अंगणात सिमेंटची टाकी आहे. काजूचा हंगाम आला की बोंडांचा ढीग पडतो, कोणी विचारत नाही. त्याचा रस काढून आंबवते आणि टाकीत भरते. त्यात लोखंड ठेवलं की गंज हळूहळू सुटतो, धड पत्र्याला धक्का लागत नाही. मग गोड्या पाण्याने धुवायचं, चुन्याच्या निवळीतून काढायचं, वाळवून लगेच प्रायमर. आमच्याकडचीच पद्धत, माझ्या वडिलांची. एकच नियम — रोज बाहेर काढून बघायचं.

उजवा दरवाजा मी त्या टाकीत उभा सोडला. खालची कड गंजाने फुगली होती, तेवढी सुटली असती. पण शिमगा तोंडावर आला होता, माणसं आपापल्या गावी निघाली होती आणि मला घाई होती. रसात मी बाथरूम धुवायचं ॲसिड ओतलं. चांगलं ओतलं. दुसऱ्या दिवशी काढीन म्हटलं.

आणि मी आरोंद्याला माहेरी गेले.

एका रात्रीसाठी गेले होते. पण ढोल वाजत होते, सोंगं नाचवणारं रोंबाट दारोदार फिरत होतं, खाडीचे खेकडे रांधले होते. मी निघायचं नाव काढलं की वहिनी म्हणायची, "रव गो आजून एक दिस. तुझा लोखंड खंय पळान जाता?" मी राहिले. मग आणखी राहिले. टाकी आठवत नव्हती असं समजू नका — आठवत होती. काही होत नाही, असं मी मलाच सांगत होते. फार मजेत गेले ते दिवस. आजही आठवले की बरं वाटतं. हेही खरंच सांगते.

परत आले तेव्हा दरवाज्याची चाळण झाली होती.

वर्कशॉपमध्ये मी एकटी होते. शटर अर्धं ओढलं आणि नवा दरवाजा करायला घेतला. काम सुरू करण्याआधी ट्रकचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवलेले होते. गावात ढोल चालू होते, माझी हातोडी कोणाला ऐकू गेली नसणार. पत्रा वाकवला, कडा दुमडल्या, जुनं हँडल आणि बिजागऱ्या उतरवून बसवल्या, जुन्या डब्यातला रंग पातळ करून मारला, उन्हाने विटल्यासारखा दिसेपर्यंत घासला. कोपराची खूणसुद्धा केली. आयुष्यात इतकं चांगलं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं, नंतरही नाही. लाज वाटली का? काम करताना नाही. काम करताना मी खूश होते.

माणसं परत आली, त्यांनी दरवाजा ट्रकला लावला. कोणाला काही कळलं नाही.

ट्रक न्यायला प्रकाश आला, काकी आली. इंजिन सुरू झालं तेव्हा प्रकाश लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. काकी मात्र इकडेतिकडे न बघता उजव्या बाजूला गेली. टाचा उंचावल्या, हात ठेवला.

"वास येगळो येता गो."

"रंगाचो वास, काकी. चार दिसांनी जातलो."

तिने हात काढला नाही. माझ्याकडे वळून बघितलं. रागाने नाही, संशयानेही नाही — तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"दरवाजो तोच मा?"

"तोच," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग मला जवळ ओढून दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

त्यानंतर काकी बरीच वर्षं होती. दर चतुर्थीला त्यांचा गणपती त्याच ट्रकमधून यायचा, आणि ट्रक दारात लागला की ती आधी त्या दरवाज्याला हात लावायची आणि मग गणपतीला ओवाळायची. प्रकाशने हे मला कौतुकाने सांगितलं. मी हसले. "आयेक वाटता, बाबा तेच्यात आसत," तो म्हणाला. मी त्याला चहा पाजला. गेल्या वर्षी काकी गेली. ती सुखाने गेली हे मी माझ्या बाजूला धरत नाही. ते सुख तिचं होतं, मी दिलेलं नव्हे.

तुम्हाला वाटेल, झालं सांगून. एक दरवाजा हलगर्जीपणाने खराब केला, दुसरा केला, खोटं बोलले. एवढंच असतं तर मी कधीच चारचौघांत हसत सांगून मोकळी झाले असते. पण वर मी लिहिलं की दरवाज्याची चाळण झाली — ते पुरतं खरं नाही. लिहितानाही हात तिकडेच गेला बघा.

दरवाजा टाकीत उभा होता. रस त्याच्या अर्ध्यापर्यंतच होता. चाळण झाली ती खालच्या अर्ध्याची. वरचा भाग, खिडकीची कड, कोपराची जागा — सगळं धड होतं. हातोडी वाजवून पाहिली. खणखणीत वाजली.

मी तो कापून नव्या पत्र्याला जोडू शकले असते. सोपं काम होतं. पण आजूबाजूचा जुना रंग न उडवता जोड घासता आला नसता, आणि जुन्या रंगाशेजारी नवा रंग लपला नसता. वेल्डिंगची करपट रेघ कायमची दिसली असती. मग प्रकाशने विचारलं असतं, आणि मला म्हणावं लागलं असतं की माझ्या टाकीत विरघळला. प्रकाश काही बोलला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं. काकीने तर रेघेकडे बघितलंही नसतं. पण ते दोन गॅरेजवाले बोलले असते. बाजारात हसले असते. बाईच्या टाकीत दरवाजा विरघळला — हे मला नको होतं. बस, एवढ्यासाठी.

शिमग्यातच भंगारवाला टेम्पो घेऊन आला. घाटावरचा माणूस, त्याला इथला शिमगा नाही. जुन्या पायऱ्या, मडगार्ड त्याने भरले. दरवाजा मी स्वतः उचलून नेला. त्याने तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"बाई, वरचा पत्रा चांगलाय की. कापून ठेवा, कामाला येईल."

"नको," मी म्हटलं. "न्या."

टेम्पो हायवेला लागला. मी आत गेले, बाही कोपराच्या वर सरकवली, पॉलिश पेपर आणि जळकं ऑइल घेतलं, आणि नव्या दरवाज्याच्या कडेवर दुसरीच्या नवऱ्याचा कोपर घासायला बसले.