पेशींमधला काजवा आणि दादा

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी सांगलीला प्रयोगशाळेत होते. पेशींची ताटली यंत्रात ठेवलेली, आकडे उमटत होते. ते न बघताच मी गावाची, कुंडलची गाडी धरली. त्याला आता महिना होऊन गेला...

माझा हा थोरला भाऊ सैन्यातून सुभेदार होऊन परतला, ऊस लावला, आणि थोड्याच दिवसांत त्याला यकृताचा कर्करोग निघाला. माझं काम नेमकं तसल्याच पेशींवर. पेशी बेसुमार वाढवणाऱ्या जनुकाला चालू-बंद करणारी एक कळ असते, तिला आम्ही प्रमोटर म्हणतो. त्या कळीची प्रत काजव्याच्या उजेड देणाऱ्या जनुकाला जोडून पेशींत सोडायची. कळ जितकी चालू, तितका उजेड. डोळ्यांना दिसत नाही, यंत्र मोजतं. आमच्या एका रसायनानं तो उजेड झपाट्यानं उतरत होता. दादा धडधाकट होता तेव्हा हे मी घरी कौतुकानं सांगितलं होतं. आजार निघाल्यावर सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं.

"तुज्यापाशी औशीद हाय आन् सख्ख्या भावाला देत न्हाईस व्हय गं?" आई म्हणायची. ते औषध नाही, माणसाला तारेल की मारेल कुणालाच ठाऊक नाही, हे सांगितलं की मान फिरवायची. घरी जाववेना, गेल्याशिवाय राहवेना. प्रयोगशाळेतही सुटका नव्हती. आकडा उतरला की आनंद व्हायच्या आत आईचं बोलणं आठवायचं.

एकदा तपासणीला आलेला दादा तिथंच येऊन उभा राहिला. रसायन न घातलेला आणि घातलेला, असे दोन्ही आकडे मी दाखवले.

"म्हंजे इझलं की गं."

"इझलं. पर पेशी मेल्या असं न्हाई, दादा. आन् ह्या ताटलीतल्या हायती, तुज्या न्हाईत."

त्यानं खुर्ची ओढली. "चौकीवरनं आमी पलीकडचा दिवा बगायचो. इझला म्हंजे गडी गेला, असं कवाच धरलं न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाला, "पर वैशे, दिलंस तर मी घीन. मेलो तरी तुला कोन काय बोलायचं न्हाई."

मी नाही म्हटलं. हट्ट करेल असं वाटलं होतं. तो नुसता माझ्या पाठीवर हात ठेवून बसला... रागावला असता तर मला श्वास घेता आला असता.

त्या संध्याकाळी त्यानं घरात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "वैशीला औशदाचं कुनी इचारायचं न्हाई. ती देत हुती, मीच नगं म्हनलोय." तेव्हापासून आईचा सगळा राग त्याच्यावर. तो शेवटपर्यंत ऐकून घेत राहिला, मी तोंड उघडलं की डोळ्यांनी गप्प करायचा. आता खरं सांगावं तर त्याचा शब्द मोडतो, न सांगावं तर आई अजून त्यालाच बोल लावतेय.

परवा कुंडलला गेले. सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, मधोमध त्याची लोखंडी कॉट असायची, ती दिवसकार्य झाल्यावर काढलीय. जागा मोकळी आहे. तरी आई चहा घेऊन आली ती भिंतीच्या कडेनं, अंग चोरून. कप ठेवायला उठले, तर मीही तसाच वळसा घातला.