एस्तेरबाईंचं वाट पाहणं

एस्तेरबाई गेल्या ही बातमी मला कुणी सांगितली नाही. ती मलाच सगळ्यांना सांगावी लागली. आधी शेजारच्या घरी, मग गल्लीत, मग सदर भागातल्या त्यांच्या चर्चमध्ये निरोप धाडताना... दर वेळी तेच वाक्य, आणि दर वेळी ते दुसऱ्याच कुणाबद्दल आहे असं वाटत होतं. आता महिना उलटून गेला. अजून ते वाक्य माझ्या तोंडात बसलेलं नाही.

आम्ही प्रताप नगरात राहायला आलो तेव्हा आजूबाजूला बरेच प्लॉट रिकामेच होते. आमच्या कुंपणाला लागून त्यांचं घर. एस्तेरबाई शाळेत शिकवत, त्यांचे यजमान सॅम्युअलभाऊ रेल्वेत. मूलबाळ नव्हतं. बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. सुरुवातीला आमचं बोलणं कुंपणावरून, लोणच्या-पापडापुरतं. माझ्या सासूबाई काटोलकडच्या शेतकरी घरातल्या, जुन्या वळणाच्या. 'किरिस्तावाच्या घरी जास्त जाऊ नको' एवढं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं.

आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर माझी वैशाली गेली. चार वर्षांची होती. घटसर्प. घसा दुखतो म्हणाली, आणि आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत तिला श्वास घेता येईना. त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं की सगळे म्हणत, कामात राहा, मन गुंतव. मी गुंतवलं. पहाटे उठून घर सारवायचं, गोधड्या उसवून पुन्हा शिवायच्या, घासलेली भांडी पुन्हा घासायची. रात्री डोळा लागत नसे आणि दिवसा हात थांबत नसत. थांबले की तिच्या घशातला तो आवाज ऐकू यायचा.

एका दुपारी मी अंगणातल्या नळावर अशीच भांडी घासत होते. राखेनं बोटं सोलली होती. एस्तेरबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कुसुम, ठेव ते. ये इकडे."

"काम आहे बाई."

"काही काम नाही. मले दिसून राहिलं ना. ये वं."

मी ओल्या हातांनीच गेले. त्यांच्या मधल्या खोलीत एका स्टुलावर जांभळं कापड अंथरलेलं, त्यावर चार मेणबत्त्या. एकच थोडी जळलेली होती. बाईंनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या. आता या काहीतरी समजावतील, त्यांच्या देवाचं सांगतील, म्हणून मी अंग चोरून बसले. त्या काहीच बोलेनात. शेवटी मीच विचारलं, हे काय मांडलंय?

"नाताळाच्या आधी चार रविवार असतात. आगमनकाळ म्हणतात त्याले. दर रविवारी एक मेणबत्ती लावाची आन् येणाऱ्याची वाट पाहाची."

"वाट पाहायची म्हणजे काय करायचं?"

"काहीच नाही. बसाचं."

खिडकीतून थंडीतलं ऊन येत होतं. माझे हात मांडीवर पडलेले मी बघत होते, जणू ते कुणी तिथे ठेवून गेलं होतं. मग मी रडले असेन. मग तिथेच पलंगावर झोपले. वैशाली गेल्यावरची ती माझी पहिली खरी झोप.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि दारात, उंबऱ्याच्या बाहेर, सासूबाई बसलेल्या होत्या. मला शोधत, भांडायच्याच तयारीनं आल्या होत्या म्हणे. मी धडपडत उठायला लागले तर म्हणाल्या, "पडून राय. मी कुकर लावून आली." घरी जाताना वाटेत त्या एवढंच बोलल्या, "बाई चांगली हाय." त्यानंतर नाताळापर्यंत मी रोज दुपारी तिथे गेले, आणि त्यांनी मला एकदाही अडवलं नाही.

पुढे ती आमची रीतच झाली. दर डिसेंबरात बाई शाळेतून आल्या की आम्ही दोघी तासभर बसत असू. मी माझी रामरक्षा मनात म्हणे, नाहीतर तीही म्हणत नसे. त्यांनी कधी विचारलं नाही. एका वर्षी मात्र त्या स्वतःच बोलल्या.

"मले या दिवसांचा लई राग येत होता, कुसुम. लेकराच्या येण्याचे दिवस, आन् माझं घर रिकामं. मंग मी काय करू? चर्चमध्ये गाण्याची प्रॅक्टिस घेऊ, पडदे शिवू, साऱ्या गल्लीचे केक बेकरीतून भाजून आणू. बसली की रडू येत होतं, म्हणून बसतच नव्हती." मग म्हणाल्या, "एकदा दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरनं पलंगावर पडून राहाले सांगतलं. डिसेंबरच होता. पडून राहिली. तरी गेलं ते..."

मी त्यांचा हात धरला.

"गेल्यावरही पडूनच होती. उठाची ताकद नव्हती. आन् त्या पडण्यात एक दिवस असं वाटलं का खोलीत कोणीतरी येऊन बसलं हाय. मले काही सांगत नाही, काही मागत नाही. बसलं हाय नुसतं. लेकरू नाही आलं. पण ते आलं."

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि दवाखान्यातून घरी पाठवलं. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सॅम्युअलभाऊंनी मेणबत्ती लावली. बाईंनी तिकडे बघितलंही नाही. वेदनेनं त्यांना पडवत नव्हतं, बसवत नव्हतं. एका दुपारी माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "मले काहीच सापडून नाही राहिलं, कुसुम. इतके वर्ष मी बसली. आता खोलीत कोणीच नाही. भेव लागते मले."

त्यांच्या देवाशी माझी ओळख नव्हती, आणि माझ्या देवाचं नाव त्या घटकेला तोंडात येईना. मी म्हटलं, "तुम्ही नका शोधू आता. मी बसते ना." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मनगटावरची पकड थोडी सैल झाली.

तिसरा रविवार झाल्यानंतरची ती दुपार. सॅम्युअलभाऊ औषध आणायला सदरला गेले होते. बाईंनी खिडकीकडे कूस वळवून मागितली. ऊन त्यांच्या तोंडावर आलं. "बरं वाटते," म्हणाल्या. "जरा झोपते आता. तू जाऊ नको वं."

कितीतरी दिवसांनी त्यांना झोप लागली होती. मी श्वासाचाही आवाज न करता बसले. फाटकाशी संत्रीवाला ओरडणार तेवढ्यात जाऊन त्याला हातानंच परत पाठवलं. ऊन सरकलं तसा पडदा ओढला. मला फार समाधान वाटत होतं, हे मला लिहिलंच पाहिजे. इतकी शांत दुपार त्या घरात कित्येक आठवड्यांत आली नव्हती. सॅम्युअलभाऊ आले, माझी खूण बघून त्यांनी बूट दारातच काढले. "झोपली?" त्यांनी कुजबुजत विचारलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा उजळला. ते पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसले, आणि आम्ही दोघं बाईंची झोप राखत राहिलो. पायावरचं ब्लँकेट सरकलं होतं, ते सारखं करायला भाऊंनी बाईंच्या पावलाला हात लावला... आणि तो हात तिथेच राहिला.

नाताळ ठरल्या दिवशी आला. भाऊ चर्चला गेले नाहीत.

परवा दुपारी मी चहा घेऊन गेले तर ते कपाट पुसत होते. स्वच्छच होतं ते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वयनी, मले तिच्यासारखं बसता येत नाही. बसलो का उठतो." मी त्यांच्या हातातून फडकं घेतलं आणि म्हटलं, "बसा." ते खुर्चीत बसले, मी पलंगाच्या कडेला बसले. थोड्या वेळानं त्यांची मान कलली आणि डोळा लागला. मी डोळे मिटून बघितले, पण मला ते मिटून ठेवता येईनात. ते जागे होईपर्यंत मी त्यांच्या छातीकडे बघत होते, ती वर-खाली होतेय ना, एवढंच.