बाबांचं शेवटचं तुणतुणं
शिरढोणला खाटकाच्या दुकानापुढून जाताना ओल्या कातड्याचा वास आला आणि बाबांनी केलेलं शेवटचं तुणतुणं आठवलं. गोंधळात गाणाऱ्या बाबांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता, तरी त्यांनी लाकूड कोरलं, त्याच्या बुडाला कातडं ताणून बसवलं, तार ओढली. तार गाणाऱ्याच्या सुरात लावायची असते, आणि सूर द्यायला आता घरात दुसरं गाणारं कोणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी खाली मान घालून बसले. आई म्हणाली, “गा ना गो बाय, हितं कोन परकं हाय?” मी कसाबसा आवाज काढला. तो बाबांच्या पट्टीपेक्षा फार वरचा होता. बाबांनी खुंटी पिळत तार हळूहळू माझ्या सुराला आणली आणि तोंड भिंतीकडे केलं. आता बाबा नाहीत. तार सैल पडली की मी दार लावून घेते, गाते आणि पुन्हा तेवढीच चढवते.