भुजंगमामांनी लिहून ठेवलेला नकार

भुजंगमामा माझ्या ऑफिसात आले तेव्हा मला वाटलं, वाटणीचं काही काम असेल. लोह्यासारख्या तालुक्याच्या गावात वकिली करणाऱ्याकडे साठी ओलांडलेला शेतकरी माणूस बहुतेक त्याच कामाला येतो. आईच्या माहेरगावचे म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. ते खुर्चीत बसले, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, मला मरायची सुई पाहिजे. कायद्यातून कशी मिळंल ते सांगा."

आवाज घोगरा झाला होता, पण थरथरत नव्हता. अन्ननलिकेचा कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी पाच-सहा महिने सांगितले होते. भाकरी कधीच सुटली होती, आता नुसती पेज.

एकतीस वर्षं ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होते. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, डॉक्टर टोचत असताना जनावर धरून ठेवायचं, हे त्यांचं काम. सकाळ-संध्याकाळ घरच्या तीन एकरांत ते आणि सिंधुमामी राबायचे.

"कणा मोडलेला बैल, पाय सडलेली म्हैस," ते सांगू लागले, "मुंडकं माझ्या मांडीवर असायचं. डॉक्टर सुई द्यायचे. दोन मिनिटांत जीव सुटायचा. मालक रडायचा, पण जाताना आमच्या पाया पडून जायचा. ढोराला हाय ती मुभा मला का न्हाई?"

मी कायदा सांगितला. सुई देऊन मारणं आपल्याकडे गुन्हा आहे, आजाऱ्यानं स्वतः मागितलं तरी. मात्र आजार बरा होणारा नसेल तर श्वासाचं मशीन नको, नळ्या नकोत, असं म्हणायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं दिलेला आहे. शुद्धीवर असताना तसं लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार लागतात, नोटरी लागतो. आणि आपली वाचा गेली तर आपल्या वतीनं कोण बोलणार, त्याचं नाव लिहावं लागतं.

"म्हणजे मरणाला बोलवायचं न्हाई, पण आलंच तर अडवायचं बी न्हाई."

"हाव."

"अर्धाच न्याय झाला हा."

मला राहवलं नाही. "मामा, पुरा न्याय दिला तर काय होईल? उद्या जमिनीसाठी पोरं बापाला सुई द्यायला निघतील. म्हातारी माणसं आपणहून म्हणतील, घराला आमचं ओझं नको."

मामा म्हणाले, "एका उन्हाळ्यात एक जण बैल घेऊन आला. म्हणे पाय गेला, सुई द्या. बघितलं तर खूर नुसतं सुजलेलं. त्याचा कडबा संपला होता, म्हणून बैल नकोसा झाला होता. डॉक्टर साफ न्हाई म्हणले. मी आठ दिवस पट्टी बांधली. पुढं चार वर्षं तो बैल औताला चालला."

"मी तेच तर सांगतोय."

"न्हाई साहेब. 'न्हाई' म्हणणारा माणूस तिथं होता म्हणून तो बैल वाचला. आन खरंच मोडलेल्या जनावराला 'हाव' म्हणणारा बी तोच होता. कायद्यानं असा माणूस हुडकावा. भ्या वाटतं म्हणून दारच चिणून टाकायचं, ही कुठली रीत?"

मी कोरा कागद पुढे ओढला.

नाव कुणाचं घालायचं, इथे खरी अडचण आली. थोरला मुलगा सुदर्शन लातूरला शिकवणीच्या क्लासमध्ये गणित शिकवतो. रविवारी मामा-मामींबरोबर तो माझ्या ऑफिसात आला, तो रागातच.

"आप्पा, लोक मला काय म्हणतील? मास्तरला पगार हाय, पण बापाला मशीन लावलं न्हाई, असं म्हणतील."

"लोक तेराव्याला जेवतील आन घरी जातील," मामा म्हणाले. "तुझी माया खोटी न्हाई बाबा. पण तू घाबरतोस. वकीलसाहेब, सिंधूचं नाव लिहा."

मामी कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसल्या होत्या. त्या एकदम ताठ झाल्या. "मला न्हाई जमायचं. तुमचा श्वास अडकलेला बघायचा आन डॉक्टरला थांब म्हणायचं?"

"तू रडशील, पण बोलल्या शब्दावरून हटणार न्हाईस. चाळीस वर्षं बघून राहिलो तुला."

मामींनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "लिहा."

गावातले बसवंत गुरुजी आणि जनावरांच्या दवाखान्यातले एक जुने शिपाई साक्षीला आले. मी कागदाची एक प्रत पंचायतीत द्यायला सांगितली. तिथल्या बाबूला असला कागद कोणत्या फायलीत लावतात तेच ठाऊक नव्हतं. मामांनी त्याला सांगितलं, "आवक रजिस्टरला घे, शिक्का मार. फाईल मी मेल्यावर हुडक." बाबूनं निमूट शिक्का मारला.

त्याच महिन्यात नांदेडला त्यांना डॉक्टर गीतांजली भेटल्या. बरं न होणाऱ्या आजाऱ्यांचं दुखणं कमी करणं हेच त्यांचं काम. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, त्या कशा वाढवायच्या ते मामींना शिकवलं. पंधरा दिवसांनी मामा पुन्हा माझ्याकडे आले, ते स्वतः फटफटीच्या मागे बसून. चेहरा उतरलेला होता, पण कपाळावरची आठी गेली होती.

"झोप लागून राहिली," ते म्हणाले. "सुईची घाई आता न्हाई. पर मागणी मी सोडली न्हाई, बरं का. ज्याला ह्या गोळ्या लागू पडत न्हाईत, त्यानं कुठं जावं?"

पुढचे चार महिने ते ओट्यावर बसून लोकांच्या जनावरांना सल्ला देत राहिले.

शेवटी एका सकाळी त्यांना श्वास घेता येईना, शुद्धही हरपली. सुदर्शन सुट्टीवर गावीच होता. तो घाबरला, त्यानं ॲम्ब्युलन्स बोलावून त्यांना नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. मामींचा फोन आल्यावर दुपारी मी पोचलो तेव्हा डॉक्टर व्हेंटिलेटरच्या संमतीचा फॉर्म घेऊन उभे होते आणि सुदर्शनच्या हातात पेन होतं.

मामी पुढे झाल्या. पिशवीतून कागद काढून त्यांनी डॉक्टरांना दिला. आवाज स्पष्ट होता. "यांचं बोलणं हे हाय. मशीन लावायचं न्हाई. दुखू नये एवढं बघा."

"आई, एकदा लावून तर बघू," सुदर्शन म्हणाला.

"तुझ्या बापानं सगळी शुद्ध असताना सही केली हाय. आपण कोण ती खोडणारे?"

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, कायद्याप्रमाणे आधी आम्ही तिघं डॉक्टर तपासू, मग दुसरे तिघं. तोवर त्यांनी साधा ऑक्सिजन आणि मॉर्फिन ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहाही सह्या झाल्या. मामांना वेगळ्या खोलीत हलवलं, तिथं घरच्यांना जवळ बसता येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. सुदर्शन चमच्यानं पाणी पाजत होता. मामांनी त्याचं मनगट धरलं आणि विचारलं, "क्लासला खाडा?" दुपारी, कुणाच्या लक्षात येण्याआधी, श्वास थांबला. सुदर्शन मग बराच वेळ आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

सुईचा कायदा असावा की नसावा, हा वाद माझ्या मनात अजून मिटलेला नाही. पण ज्याचा जीव त्याला आधी विचारावं, एवढं मला पक्कं पटलंय. त्या वर्षात तालुक्यातल्या अकरा जणांचे असे कागद मी केले.

बारावी सिंधुमामी. वर्षश्राद्ध झाल्यावर त्या आल्या आणि म्हणाल्या, "माझा बी कागद करा. पण उलटा लिहा. मला सगळी मशीनं लावा, शेवटपर्यंत. मला नातीला डॉक्टर झालेलं बघायचं हाय."

मी म्हणालो, "मामी, त्याला कागद लागत नाही."

"तरी बी लिहा. त्यांना विचारलं तसं मला बी विचारा."

मी लिहिलं.